सिरसाळ्यात भेटलेली जहाजे

दिवाळी अंकासाठी प्रवासवर्णन लिहायचे आणि गाव निवडायचे तर सिरसाळा, हे ऐकून आमचे एक सहकारी मोठ्याने हसले. "तिथे पाहण्यासारखे काय आहे हो?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्तच होता. बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातले हे गाव. इथे लेणी नाहीत, किल्ला नाही, थंड हवा तर नाहीच नाही. वैद्यनाथाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू परळीहून परस्पर माघारी जातो. परळी-बीड रस्त्यावरची एस. टी. सिरसाळ्याला थांबते, दहा माणसे उतरतात, बारा चढतात, आणि धुरळा खाली बसायच्या आत गाडी पुढे निघून जाते. मी तिथे जातो, कारण माझी थोरली बहीण त्या गावात दिली आहे.

पण २०२३ च्या जानेवारीत मी तीन दिवस तिथे राहिलो, आणि नकाशावर मुंबईपासून सरळ पूर्वेला बोट नेले तर समुद्रापासून पावणेचारशे किलोमीटर आत असलेल्या या गावात मला जहाजे भेटली.

सोलापूरहून मी सकाळी निघालो. तुळजापूरचा घाट, मग लातूर, मग अंबाजोगाई. अंबाजोगाईपर्यंत रस्ता पठारावरून चालतो. पुढे परळीकडे तो घाटाने खाली उतरतो, आणि औष्णिक केंद्राची धुराडी दिसू लागतात. परळीला गाडी बदलली, की काळ्या रानाचा मुलूख सुरू होतो. जानेवारीतली ज्वारी कणसावर आलेली, तुरीची रास खळ्यावर पडलेली, आणि कपाशीची झाडे मात्र वेचून वेचून उघडी झालेली. मध्येच एखादी वाडी लागते आणि तिथल्या निम्म्या घरांना कुलपे दिसतात. ऊसतोडीला गेलेल्यांची ही घरे. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन हे कोयते दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात, ते उन्हाळा तापल्यावर परततात. हंगाम अजून उभा राहायचा असतो, आणि मजुरी तर आधीच घरात येऊन खर्चून गेलेली असते.

अक्काच्या घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दारातच तिने सांगितले, "तुझ्या नेहमीच्या खोलीत झोपायचं नाही बरं का. तिथं कापूस आहे."

दार ढकलून पाहिले. खरोखर, जमिनीपासून आढ्याच्या हातभर खालपर्यंत कापूसच कापूस. चाळीस क्विंटल असेल असे दाजी म्हणाले. शहरातल्या माणसाला तो ढीग पाहून गादीवर उडी मारावीशी वाटते. पण घरच्यांचे हाल निराळे होते. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, आणि विजेची एक ठिणगी उडाली तर वर्षाची कमाई क्षणात जाते. अक्का तर त्या खोलीजवळ देवाची उदबत्तीसुद्धा नेऊ देत नव्हती. शिवाय कापूस वाळत जातो आणि वजनाला घटतो, म्हणजे भाव जागेवर राहिला तरी माल रोज थोडा थोडा कमीच होतो.

असा कापूस त्या वर्षी एकट्या दाजींच्या घरात नव्हता. मराठवाड्यात आणि विदर्भात घरोघर तो असाच भरून ठेवला होता. त्यामागे आदल्या वर्षाची एक चुटपुट होती. २०२१ च्या हंगामात सरकारचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ६,०२५ रुपये क्विंटल होता. दिवाळीच्या आसपास बाजारात आठ हजार मिळू लागले, तेव्हा दाजींनी आनंदाने सगळा माल काट्यावर घातला. पुढे भाव चढतच गेला. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याने दहा हजार ओलांडले, कुठे कुठे तर बारा हजारांच्याही पुढे मजल मारली. ज्यांनी माल ठेवला होता ते शहाणे ठरले आणि ज्यांनी विकला होता ते वर्षभर हळहळत राहिले.

"मागच्या वर्षी घाई केली. ह्या वर्षी दहा हजाराबिगर एक बोंड द्यायचं नाही," दाजी म्हणाले. त्या दिवशी भाव आठ हजारांच्या वर थोडा होता. खोलीकडे पाहत अक्का हळूच मला म्हणाली, "पोरगी यंदा बारावीला आहे. निकाल लागला की पैसा लागेल. आणि सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचंय." पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडले तर व्याजाची सवलत मिळते, दिवस चुकला, की ती गेली. म्हणजे त्या खोलीत कापूस नव्हता, भाचीचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज दोन्ही आढ्यापर्यंत रचून ठेवलेले होते.

आता माझ्या पिशवीत काय होते तेही सांगतो. मराठीचा प्राध्यापक आणि शेअरबाजार, ही जोडी वाचकांना विजोड वाटेल. पण मी सोलापूरचा, आणि सोलापूरच्या माणसाला जहाजांचे थोडे वेड असले तर त्याचा दोष वालचंद हिराचंदांकडे जातो. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच शेअर कोसळले होते, तेव्हा मी एका जहाज कंपनीचे काही शेअर साठ हजार रुपयांना घेतले होते. ही कंपनी तेल वाहणारी आणि कोळसा-धान्य वाहणारी अशी दोन्ही प्रकारची जहाजे चालवते. अडीच वर्षांत त्या साठ हजारांचे तिप्पट होऊन वर काही शिल्लक राहिली होती. सोलापुरात मला भेटणारा प्रत्येक जण सांगत होता, "सोडू नका, अजून चढणार!" तेव्हा दाजींपुढचा आणि माझ्यापुढचा प्रश्न एकच होता: विकायचे केव्हा?

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. थंडी चांगली होती. दाजींनी घोंगडी दिली आणि विचारले, "सर, ह्या जहाजाच्या धंद्यात एवढा पैसा अचानक येतो कुठून?"

मी म्हटले, "दाजी, कापसाला जिथून येतो तिथूनच. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त."

मग मी त्यांना वालचंदांची गोष्ट सांगितली. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या माणसाने पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून 'लॉयल्टी' नावाचे जहाज घेतले. मुळात ते १८९१ सालचे, 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने पॅसिफिक महासागरात फिरलेले. नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार मिळाले आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आपण अजूनही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

त्या वर्षी जहाजधंद्याला सुगी होती. पाणबुड्यांनी हजारो जहाजे बुडवली होती, माल गोदीत पडून होता, आणि एकेका फेरीचे भाडे ऐकून डोळे फिरत. पण महाग भाडे पाहून जगभरच्या गोद्यांत जहाजे बांधायला घेतली गेली. ती पाण्यात उतरली आणि १९२०-२१ मध्ये भाडी धाडकन खाली आली. 'लॉयल्टी' १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाली. त्यातच ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला जेरीस आणले, आणि लॉर्ड इंचकेप यांनी कंपनीच विकत मागितली. वालचंदांनी आणि नरोत्तमांनी ती दिली नाही.

"म्हंजे त्यांनीबी ठेवलंच की!" दाजी खुशीत म्हणाले. त्यांना आपल्या बाजूचा साक्षीदार मिळाला होता.

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण ते मुद्द्याचे बोलले होते. वालचंदांनी मंदीत विकले नाही म्हणून या देशाची जहाजे समुद्रावर राहिली. विशाखापट्टणला गोदी झाली, आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेल्या 'जल उषा'चे पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. मग न विकणे हेच शहाणपण का?

मी त्यांना पुढची हकीकत सांगितली. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजमध्ये कोळसा, लोहखनिज, धान्य असा कोरडा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा एक निर्देशांक रोज काढतात. आपल्या मोंढ्यावरच्या भावफलकासारखाच, फक्त साऱ्या जगाचा. २००८ च्या मे महिन्यात हा आकडा ११,७९३ वर गेला. चीनला कितीही खनिज दिले तरी कमीच पडेल, असे तेव्हा सगळे म्हणत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ६६३ वर आला होता. सात महिन्यांत शंभराचे सहा झाले.

"आमच्याकडं असं झालं असतं तर माणसं..." दाजींनी वाक्य अर्धेच सोडले. बीड जिल्ह्यात ते पुरे करावे लागत नाही.

"आणि तेवढ्यावर भागले नाही," मी म्हटले. "तेजीत ज्यांनी जहाजे मागवली होती त्यांची जहाजे नंतरची तीन-चार वर्षे गोदीतून बाहेर पडतच राहिली. जहाज बांधायला दोन-तीन वर्षे लागतात. कापूस परवडला की शेतकरी पुढच्या मृगात पेरा वाढवतो आणि दिवाळीला भाव पडतो. इथला फेरा वर्षाचा. जहाजांचा फेरा दहा-पंधरा वर्षांचा. २०१६ च्या फेब्रुवारीत तो आकडा २९० वर गेला. लोकांनी धडधाकट जहाजे भंगारात घातली. जहाजे कमी झाली, नवी कोणी मागवीना, आणि मग २०२१ च्या ऑक्टोबरात आकडा पुन्हा साडेपाच हजारांच्या वर!"

दाजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे भाव चढतो तवाच पडायची पेरणी होती."

वाचकहो, या विषयावरची जाड पुस्तके मी चाळली आहेत. त्यांचे सार इतक्या थोड्या शब्दांत मला कुठेही मिळाले नव्हते.

याच जागी शेअर घेणाऱ्या शहरी माणसाची एक गंमत होते, तीही मी दाजींना सांगितली. आपण दुकानात स्वस्त-महाग पाहतो तसे शेअरचेही पाहतो: कंपनी दर शेअरमागे वर्षाला कमावते किती आणि शेअरचा भाव त्याच्या किती पट? समजा, भाव पाचशे आणि कमाई शंभर. म्हणजे पाचच पट. वा, स्वस्त! पण जहाज कंपनीची कमाई शंभरावर जाते ती तेजीच्या माथ्यावर. पुढच्या मंदीत तीच कमाई दोन रुपयांवर येते आणि शेअर दोनशेला पडतो. तेव्हा शंभर पट दिसते, म्हणजे महाग! साबण-बिस्किटांच्या कंपनीला लावायचा काटा इथे लावला, तर माणूस माथ्यावर घेतो आणि तळाला विकतो. इथे विचारायचे ते निराळे. गोद्यांकडे नव्या जहाजांच्या मागण्या किती आहेत? जुनी जहाजे भंगारात जात आहेत की त्यांनाही सोन्याचा भाव आला आहे? कंपनीची सगळी जहाजे आज विकली आणि कर्ज फेडले, तर शेअरमागे किती रुपये उरतील, आणि बाजार त्याहून किती जास्त मागतो आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी मला रानात घेऊन गेले. बांधावर पोटॅशच्या गोणीची रिकामी पिशवी पडली होती. तिच्याकडे बोट करून मी म्हटले, "दाजी, हे खत आपल्या देशात निघत नाही. सगळे जहाजाने येते. भाडे चढले की तुमची गोणी महागते. आणि तुमच्या कापसाचेही तसेच. गेल्या एप्रिलापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत सरकारने परदेशी कापसावरचे आयात शुल्क माफ केले होते. भाव फार चढला, की तिकडचा कापूस जहाजात बसतो."

दाजींनी पायाखालचे ढेकूळ फोडले. काळी माती भुसभुशीत झाली. ती हातात घेऊन ते म्हणाले, "सर, माझ्या आज्यानं हे रान निजामाच्या काळात राखलं. बहात्तरच्या दुष्काळात बापानं खडी फोडली, पण एक गुंठा इकला नाही. रान इकायचं नसतं." ते जरा थांबले आणि गावाच्या दिशेने पाहू लागले. "पण कापूस काय रान न्हाई. कापूस पिकतो तो इकायसाठीच."

मला वाटते, वालचंदांचे कोडे तिथे त्या बांधावर सुटले. सिंदिया कंपनी हे वालचंदांचे रान होते. ते नांगरायचे, राखायचे, पडत्या पावसातही सोडायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यांच्यामागे १९८० नंतरच्या जागतिक मंदीत ती कंपनीही खचली, हेही खरे; रानसुद्धा दर पिढीला राखावे लागते. पण बाजारातून त्याच कंपनीचा एखादा शेअर घेणारा माणूस रान घेत नव्हता, तो एका हंगामाचा कापूस घेत होता. जहाज चालवणारा वेगळा आणि जहाजाचा कागद बाळगणारा वेगळा. आपण मध्यमवर्गीय माणसे कापसाला रान समजून बसतो, आणि मुलाबाळांना सांगतो, "हा शेअर कधी विकू नका!" काही शेअर रानासारखे असतीलही. जहाजाचा शेअर कापूस आहे. तो ज्या दिवशी घ्यायचा, त्याच दिवशी कशासाठी आणि केव्हा विकायचा याची गाठ पदराला मारून ठेवायची.

दुपारी आम्ही दोघांनी भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माथा कोणालाच सापडत नाही, हे दोघांनाही कबूल होते. तेव्हा दोघांनी मालाचे तीन वाटे केले. दाजींचा पहिला वाटा सोसायटीच्या कर्जासाठी, लगेच. दुसरा भाचीच्या प्रवेशासाठी, मार्चमध्ये, भाव काहीही असो. तिसरा हौसेचा; तो दहा हजारांची वाट पाहील. माझा पहिला वाटा विकला की मुद्दल परत येत होते, तोही लगेच. उरलेले दोन का ठेवायचे, तर त्या वेळी तेलवाहू जहाजांच्या नव्या मागण्या फार थोड्या होत्या, आणि युरोपने रशियाचे तेल घेणे बंद केल्यामुळे तेच तेल लांबच्या वाटेने जाऊ लागले होते. वाट लांबली, की तेवढीच जहाजे अपुरी पडतात. गोद्यांच्या वह्या भरू लागल्या की निघायचे, असे मी पानावर लिहून ठेवले.

संध्याकाळी गावात काटा लावून बसलेल्या व्यापाऱ्याकडे तेरा क्विंटल कापूस गेला. व्यापाऱ्याने मूठभर कापूस काढून दाबला, ओल पाहिली, नाक मुरडले आणि मग भाव सांगितला, तो आठ हजारांच्या वर होता. दाजींनी एकदाच मागे वळून पाहिले. परतताना ते म्हणाले, "दहा झाले तर रात्री झोप लागायची न्हाई." मी म्हटले, "दोन वाटे घरात आहेत ना? ते झोपवतील."

दहा झाले नाहीत. मार्चमधला दुसरा वाटा आठ हजारांच्या आत गेला. तिसरा मात्र जूनच्या तोंडावर, पेरणीला पैसा हवा म्हणून, सात हजारांच्या घरात विकावा लागला. तोवर तो वजनालाही घटला होता. ज्यांनी सगळाच ठेवला होता त्यांचा उन्हाळा फार जड गेला. माझ्याकडे उलटे घडले. पहिला वाटा विकल्यावर शेअर चढतच राहिला. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, आणि भाडी पुन्हा कडाडली. दुसरा वाटा मी तेव्हा विकला आणि तिसरा २०२४ मध्ये, गोद्यांकडे तेलवाहू जहाजांच्या मागण्या वाढलेल्या दिसल्यावर. एकही वाटा माथ्यावर गेला नाही. तिन्ही वाटे लिहून ठेवलेल्या कारणासाठी गेले.

पहिल्या वाट्याचे साठ हजार मी त्याच जानेवारीत अक्कापुढे ठेवले होते. तिने हात मागे घेतला. "मेव्हण्याकडून घेतलं म्हणतील. ह्यांना नाही आवडायचं," ती म्हणाली. पैसे माझ्याकडेच राहिले. त्या वर्षी भाची लातूरला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला गेली. पहिली फी कापसाच्या दुसऱ्या वाट्यातून भरली गेली. वसतिगृहाची मात्र बाकी होती.

२०२३ च्या भाऊबीजेला मी पुन्हा सिरसाळ्याला गेलो. अक्काने ओवाळले आणि मी ताटात पाकीट ठेवले. ओवाळणी परत करता येत नाही. दाजींनी पाकिटाच्या जाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नुसते म्हणाले, "जहाजाचं का?" मी मान हलवली.

त्या वर्षी पाऊस तुटका पडला होता आणि कापूस थोडाच झाला होता. मी झोपायच्या खोलीचे दार उघडले. आत माझ्यासाठी खाट टाकलेली होती आणि एका कोपऱ्यात कमरेइतका ढीग होता. बाकीचा कुठे गेला म्हणून विचारले, तर अक्का दिव्यात तेल घालत म्हणाली, "पहिला वाटा वसुबारसेलाच गेला. भाव बघत बसले नाहीत."